मान ओढायचं ट्रॅक्शन घरी आणण्याआधी आईंचा हात काय सांगतो ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ५४ वर्षांच्या, निपाणीजवळच्या गावात राहतात, लग्न झाल्यापासून बिडी वळतात. चार महिने झाले मान धरलीय. कळ उजव्या खांद्यातून दंडावरून थेट अंगठ्यात उतरते, अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. एमआरआयच्या कागदावर सी-५ आणि सी-६, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून शिरेवर, म्हणजे हातात जाणाऱ्या मज्जातंतूवर, दाब आलाय असं लिहिलंय. दवाखान्यात दहा दिवस ट्रॅक्शन घेतलं, तेव्हा बरं वाटायचं. पण बसने दीड तास जायचं, दीड तास यायचं, आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा तीच कळ. तुम्ही बेळगावच्या उद्यमबागेत कामाला, रोज सुट्टी मिळत नाही. म्हणून दाराला अडकवायचं ट्रॅक्शन घरीच आणलं तर चालेल का, वजन किती लावायचं, किती वेळ, आणि धोका कुठला, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात २२ वर्षं फिजिओथेरपी करतोय. माझं उत्तर 'आणा' असंच आहे, पण आधी आईंना एकदा नीट तपासून घ्या. कर्नाटकात बायकांना आता सरकारी बसला पैसे लागत नाहीत, तरी खड्ड्यांचे धक्के मानेलाच बसतात. उपचाराने मिळालेला आराम परतीच्या वाटेवर सांडून जातो, हे मी कितीतरी पेशंटांच्या बाबतीत पाहिलंय. त्यामुळे तुमचा विचार चुकीचा नाही. फक्त हे यंत्र प्रत्येक दुखऱ्या मानेसाठी नसतं. ते चालतंय की नाही, हे मान सांगत नाही, हात सांगतो.

मानेत सात मणके आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ शिरा. सी-५ आणि सी-६ च्या मधली गादी सरकली की सहावी शीर चेपते, आणि तिची कळ अंगठा आणि तर्जनीकडे जाते. एक मणका खाली बिघडलं तर मधलं बोट, त्याच्याही खाली असेल तर करंगळी. म्हणजे आईंची बोटं आणि एमआरआयचा कागद एकच गोष्ट सांगताहेत, आणि ही चांगली खूण आहे. कारण नुसत्या कागदावर माझा विश्वास नाही. २०१५ मध्ये जपानमधल्या एका मोठ्या अभ्यासात काहीच न दुखणाऱ्या १२११ माणसांच्या मानेचा एमआरआय काढला होता, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची गादी फुगलेली निघाली. विशीतल्या पोरांतसुद्धा दहापैकी सात जणांच्या वर. तेव्हा 'गादी सरकलीय' हे वाचून घाबरू नका, आणि तेवढ्यावर यंत्रही विकत घेऊ नका.

आता आईंना एक करायला सांगा. कळ जोरात असेल तेव्हा उजव्या हाताचा तळवा डोक्यावर, टाळूवर ठेवून मिनिटभर बसायचं. कळ कमी झाली तर दुखणं शिरेच्या मुळाशी आहे याची ती जुनी, भरवशाची खूण आहे. हात वर गेला की शिरेवरचा ताण उतरतो. आपल्याकडे डोक्याला हात लावून बसलेली बाई दिसली की घरातली मोठी माणसं रागावतात, अवलक्षण म्हणतात. मी बायकांना मुद्दाम विचारतो, 'डोक्यावर हात ठेवला की बरं वाटतं का?' आणि निम्म्या जणी दचकून बघतात, कारण त्या ते चोरून करत असतात.

डोक्यावर हात ठेवून काही फरक पडला नाही, पण रात्री मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकल्यावर बरं वाटतं, असं असेल तर संशय मनगटावर घ्यायचा. मनगटातून जाणारी शीर चेपली तरी मुंग्या त्याच बोटांना येतात. दिवसभर बिडी वळणाऱ्या बायकांत, शिवणकाम करणाऱ्यांत, वडगाव-शहापूरच्या मागावर बसणाऱ्यांत हे मी नेहमी बघतो. त्यात मान कितीही ओढली तरी काही होत नाही. कधी दोन्ही एकत्रही असतात. खांदाच आखडला असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर हात वर जातच नाही. तोही वेगळा आजार.

तपासणीत मी काय करतो ते सांगतो, म्हणजे कुणाकडे दाखवलंत तर हे झालं की नाही ते तुम्हाला कळेल. पेशंटला उताणं झोपवतो. एक हात डोक्याच्या मागे, डोकं संपून मान सुरू होते तिथे जी हाडाची कड लागते तिच्याखाली. दुसरा हनुवटीला नुसता टेकवलेला. मान किंचित पुढे घेऊन हळूहळू ओढतो, जोर सगळा मागच्या हाताने. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग चेहरा सैल पडतो. गेल्या पावसाळ्यात तुमच्या भागातल्याच एक मावशी म्हणाल्या, "सर, अंगठ्यातल्या मुंग्या कोपरापर्यंत माघारी गेल्यागत वाटतंय बघा." हे 'माघारी जाणं' मला हवं असतं. हाताने ओढून कळ माघारी येत असेल तर यंत्राचा उपयोग होण्याची शक्यता चांगली. हाताने ओढल्यावर कळ वाढली किंवा खाली सरकली तर मी त्या माणसाला यंत्र देत नाही. ही ओढ घरी तुम्ही देऊन बघू नका. प्रेमाने ओढणारा मुलगाही झटका देतो.

आणि काही मानांना तर हात लावायच्या आधीच थांबायचं असतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत खानापूरकडचे एक शेतकरी आले होते. मान दुखते, हात बधिर होतो एवढंच म्हणाले, आणि मी त्यांना दारावरचं ट्रॅक्शन सांगून मोकळा झालो. त्यांना चालायला लावून पाहिलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांच्या बायको सहज बोलून गेल्या की यांच्या पायातली चप्पल निसटते आणि यांना कळतच नाही, शर्टाच्या गुंड्या मीच लावते. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. दाब शिरेवर नव्हता, मज्जारज्जूवर होता. त्याच दिवशी ट्रॅक्शन बंद करून सर्जनकडे पाठवलं, ऑपरेशन झालं, आज ते बांधावरून चालतात. पण चूक माझी होती. तेव्हापासून मानेचा प्रत्येक पेशंट मी आधी चालवून बघतो.

म्हणून आईंना हे विचारा: साडीच्या निऱ्या पूर्वीसारख्या पडेनाशा झाल्यात का? तांदूळ निवडताना खडा चिमटीतून निसटतो का? बिडीचा दोरा गुंडाळताना बोटं अडखळतात का? चालताना पाय जड पडतात, तोल जातो, लघवी धरवत नाही किंवा होत नाही, दोन्ही हातांना एकदम मुंग्या येतात? यातलं एकही 'हो' असेल तर यंत्र नाही, मेंदू-मणक्याचे डॉक्टर गाठायचे, तेही लगेच.

पडल्यावर किंवा गाडीवरून आपटल्यावर सुरू झालेली मानदुखी एक्स-रे काढल्याशिवाय ओढायची नाही. हाताच्या बोटांचे सांधे सकाळी सुजून आखडत असतील, आमवाताची औषधं चालू असतील तर अजिबात नाही, कारण त्या आजारात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारा बंध सैल पडलेला असू शकतो. हाडं ठिसूळ झालेली असतील, किंवा दम्यासाठी, सांध्यांसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या असतील, तरी नाही. पाळी जाऊन काही वर्षं झालेल्या बाईंच्या बाबतीत हे विचारायलाच हवं. रात्री झोपल्यावर वाढणारं दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं, या खुणा दिसल्या की मणक्याचा क्षय डोक्यात आलाच पाहिजे. घरी जनावरं असतील, कच्चं दूध पोटात जात असेल तर ब्रुसेलाचा तापसुद्धा मणक्यात उतरतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईंचं दुखणं उजव्या हातात आहे. पण हे वाचणाऱ्या कुणाचा डावा हात चालल्यावर, चढ चढल्यावर दुखत असेल, घाम येत असेल, तर त्यांनी मान विसरून आधी हृदय तपासून घ्यावं.

हे सगळं निभावलं तर मग यंत्राकडे वळू.

दारावरच्या ट्रॅक्शनमध्ये काय असतं? दाराच्या वरच्या कडेला अडकवायची लोखंडी पट्टी, तिला कप्पी, कप्पीवरून दोरी. दोरीच्या एका टोकाला डोक्याचा पट्टा, दुसऱ्या टोकाला पाण्याची पिशवी. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, इतका साधा हिशोब. पण ध्यानात घ्या, माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं. बसून ट्रॅक्शन घेताना पहिले चार-पाच किलो फक्त डोक्याचं ओझं उचलण्यात जातात. मणक्यांमधली जागा एक्स-रेत वाढलेली दिसायला साधारण ११-१२ किलोची ओढ लागते, असं जुन्या प्रयोगांत दिसलंय, आणि दारावरचं यंत्र जेमतेम ९ किलोपर्यंत जातं. तेव्हा 'गादी आत ढकलली जाते' असं दुकानदार सांगेल ते खरं धरू नका. गादी ड्रॉवरसारखी आत-बाहेर होत नाही. बाहेर आलेला भाग बहुधा शरीरच काही महिन्यांत हळूहळू जिरवतं. यंत्र तोवर डोक्याचं ओझं उतरवतं, आखडलेले स्नायू सैल करतं आणि शिरेला थोडी उसंत देतं. एवढंही कमी नाही. रात्री झोप लागते, आणि झोप लागली की माणूस व्यायाम करायला तयार होतो.

संशोधन काय म्हणतं तेही प्रामाणिकपणे सांगतो. २००९ मध्ये ८१ पेशंटांवर केलेल्या चाचणीत हाताने केलेले उपचार आणि व्यायाम यांच्या जोडीला खरं ट्रॅक्शन दिलेले आणि खोटं-खोटं दिलेले, दोघांत फरक दिसला नाही. २०१४ मध्ये ८६ पेशंटांवरच्या दुसऱ्या चाचणीत व्यायामासोबत झोपवून मशीनने ट्रॅक्शन दिलेले लोक ६ महिन्यांनी नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा चांगले होते, आणि दारावरच्या ट्रॅक्शनवाल्यांपेक्षाही. म्हणून पैशाची फार ओढाताण नसेल तर मी पंपाचं, उताणं झोपून वापरायचं यंत्र सुचवतो. त्यात ओढ डोक्याच्या मागून मिळते, जबड्यावर काही येत नाही, आणि डोक्याचं वजन उशीवर असल्याने कमी ओढीत काम होतं. ते हजारांत जातं, दारावरचं शेकड्यांत मिळतं, हे मला माहीत आहे. दारावरचं आणलंत तरी नीट वापरा, फायदा होतो. हवा भरून फुगवायचे तीन कड्यांचे पट्टे मात्र मला पसंत नाहीत. ते खालून जबडा आणि समोरून गळा दाबतात, आणि किती जोर लागतोय हे कळत नाही. दाराच्या कडीला बांधून डोकं झोळीत ठेवायची जी कापडी पट्टी मिळते, तिच्यातही जोर किती लागतोय हे कळत नाही.

आता तुमच्या घरचं दार. ही यंत्रं एकफळी, सपाट दारासाठी बनवलेली असतात. आपल्या गावाकडच्या घरांची दारं दोन फळ्यांची, जाड चौकटीची. त्यावर ती पट्टी नीट बसत नाही, तिरकी होते आणि ऐन वेळी निसटते. अशा दारावर जुगाड करू नका. भिंतीत किंवा तुळईत सुताराकडून पक्का हूक मारून घ्या आणि कप्पी त्याला लावा. दार वापरत असाल तर आतून कडी लावलेली हवी. पलीकडून नातवाने दार ढकललं आणि आजीच्या मानेला हिसका बसला, हे घडू शकतं.

आईंनी तोंड दाराकडे करून बसायचं. बहुतेक जण पाठ दाराला लावतात, आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण मग मान मागे ओढली जाते आणि शीर बाहेर पडते ती फट आणखी अरुंद होते. तोंड दाराकडे, खुर्ची वीतभर मागे, मान थोडी पुढे झुकलेली, म्हणजे सुपाकडे बघताना झुकते त्याच्या निम्मी. दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर उशी घेऊन त्यावर. पट्ट्याचा मागचा भाग घट्ट, हनुवटीचा सैल. ओढ डोक्यामागे जाणवली पाहिजे. दात एकमेकांवर आवळले जात असतील तर पट्टा चुकलाय. आपल्याकडच्या बऱ्याच बायकांचे दात मिश्रीने हललेले असतात. आईंचे तसे असतील तर हनुवटीचा पट्टा त्यांना सोसणार नाही, आणि तिथे झोपून घ्यायचं यंत्रच बरं. कवळी असेल तर ती काढायची नाही, घालूनच बसायचं.

पहिले तीन दिवस ३ लिटर पाणी, ५ मिनिटं. पिशवीवरच्या रेघांवर विसंबू नका, लिटरच्या मापाने मोजून भरा. त्रास नसेल तर दोन-तीन दिवसांनी अर्धा लिटर वाढवा आणि वेळ हळूहळू १५ मिनिटांवर न्या. सकाळ-संध्याकाळ मिळून दोनदा पुरे. ज्या वजनाला कळ हातातून माघारी येते तिथे थांबायचं, त्याच्या पुढे जाण्यात शहाणपण नाही. बहुतेक बायकांचं ते ५ ते ७ किलोंत जमतं. नऊच्या वर कधीच नाही. जेवणानंतर लगेच नको. पहिले आठ दिवस कुणीतरी शेजारी बसलेलं हवं, कारण पट्ट्यात अडकलेल्या माणसाला हाकसुद्धा नीट मारता येत नाही.

वजन उतरवणं हे लावण्याइतकंच महत्त्वाचं. पिशवी हातात धरून सावकाश स्टुलावर टेकवायची, ओढ हळूहळू गेली पाहिजे, मग पट्टा सोडायचा. पट्टा काढून झटकन उठलं की चक्कर येते आणि मान दुप्पट आखडते. पाच मिनिटं आडवं व्हायचं. लगेच गाडीवर मागे बसून कुठे जायचं नाही.

चक्कर, मळमळ, कानात आवाज, डोळ्यांपुढे अंधारी, जबड्यात किंवा कानाजवळ दुखणं, नव्या बोटात मुंग्या, यातलं काही आलं की त्या दिवशीचं तिथेच थांबवा आणि आम्हाला विचारल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. एक फसवी गोष्ट मात्र समजून घ्या: हातातली कळ कमी झाली आणि मान जास्त दुखायला लागली, तर आई म्हणतील यंत्राने बिघडवलं. बहुतेक वेळा ती सुधारणा असते. उलट मान मोकळी वाटतेय पण मुंग्या अंगठ्याच्या टोकापर्यंत पक्क्या बसल्या, तर ते वाईट. कॅलेंडरवर रोज एकच नोंद करा: आज कळ कुठवर उतरली. खांदा, कोपर, मनगट, अंगठा. तीन आठवडे झाले तरी ती वर सरकलीच नाही, किंवा कप उचलताना हातातला जोर कमी होत चाललाय, तर यंत्र ठेवून द्या आणि दाखवायला आणा.

यंत्रासोबत व्यायाम हवाच. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घ्यायची, जणू कुणी समोरून बोटाने हलकेच ढकलतंय, पाच आकडे धरायचं, दहा वेळा. खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे ओढायची, तेवढंच. कळ उतरत असेल तर त्या दिवशी मान वर करून आढ्याकडे बघायचं नाही, आणि गोल-गोल फिरवायची तर कधीच नाही. गळ्यातला पट्टा (कॉलर) लावावा का असंही तुम्ही विचारलंय. पहिल्या काही आठवड्यांत, कळ असह्य असताना त्याचा फायदा होतो, २००९ च्या २०५ पेशंटांच्या एका चाचणीत तो दिसलाय. पण चार महिन्यांनी आता तो काढून ठेवा, मानेचे स्नायू त्यातच झोपी जातात.

आणि काम. मांडीवर सूप, त्यात पान-तंबाखू, मान खाली, दिवसाला शेकड्यांनी बिड्या. यंत्राने १५ मिनिटांत उतरवलेला भार आठ तासांच्या त्या बैठकीत परत चढतो. काम सोडा म्हणायला मला अधिकार नाही, घर त्यावर चालतं. पण सूप मांडीवरून पाटावर किंवा छोट्या चौरंगावर आलं, पाठ भिंतीला लागली, आणि दर वीस-पंचवीस बिड्यांनंतर मान एकदा सरळ झाली, तर मला यंत्रापेक्षा त्याचा भरवसा जास्त वाटतो. चौरंगाची उंची प्रत्येकीच्या बैठकीप्रमाणे वेगळी लागते. तुम्ही आईंना तपासायला आणाल तेव्हा त्यांचं रोजचं सूप सोबत आणा. त्या बसून बिडी वळतील तेव्हा खाली किती उंच ठेवायचं ते तिथेच मोजून देतो.